2005 ची रेघ म्हणजे पुराची हद्द नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निर्णय घेताना मन कसं फसतं, यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. कानमन आणि ट्वर्स्की हे मानसशास्त्रज्ञ आले, शेअर बाजार आला, मॉलमधली सवलत आली. कोल्हापुरात छापायच्या लेखात महापूर मात्र नाही! याचा संताप आला, म्हणून हे पत्र.

शाहूपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जिन्याजवळ 2005 च्या पाण्याची रेघ तेलरंगानं मारलेली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कुंभार गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की तळमजल्यावरच्या आजींना आत्ताच हलवूया. उत्तर मिळालं, "काय होत नाही ओ, पाचलासुद्धा रेघेच्या वर आलं नव्हतं." बोलणारे निवृत्त इंजिनिअर. रात्रीत रेघ बुडाली. पहाटे आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून छातीभर पाण्यातून बाहेर काढलं. औषधांची पिशवी आतच राहिली आणि त्या दोन्ही हातांनी खुर्ची धरून तेवढंच सांगत होत्या.

त्या दोघा शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलेला प्रयोग लेखात हवा होता. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, हे विचारण्याआधी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते 10 वर थांबलं तर अंदाज 25 च्या आसपास, 65 वर थांबलं तर 45 च्या. चक्राचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता, तरी आकडा डोक्यात बसला. आमची रेघ तर खरी, डोळ्यांनी पाहिलेली. मग ती किती घट्ट बसत असेल! आणि असं फसणं म्हणजे 'अशिक्षितांचा गोंधळ', हे लेखातले शब्द मला अजिबात मान्य नाहीत; आमच्याकडे रेघेवर विसंबले ते इंजिनिअर होते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्याही. तरी आमच्याकडे नवीन भाडेकरूला आता 2019 ची रेघ दाखवतात आणि "याच्या वर येत नाही" म्हणून सांगतात.

आपणही दर पावसाळ्यात इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट एवढंच छापता. किती फुटांना कुठल्या गल्लीत पाणी येतं, याचा तक्ता जूनमध्येच पहिल्या पानावर द्या. लोक तो कापून दारामागं चिकटवतील.

आणखी एक. हा लेख काळ्या चौकटीत बारीक पांढऱ्या अक्षरांत छापला होता. भिंग घेऊनही वाचवत नव्हता. ज्येष्ठ वाचकांसाठी तरी हा प्रकार बंद करा.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर