हेडरआधी ब्रेकचा पाइप बघणाऱ्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

जुन्या गाडीला बाहेरचा हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, लावायला कुणी बेळगावच्या उद्यमबागेत तुमच्याकडं आलं, की तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी गाडी वर घेता आणि ब्रेकचे पाइप कुठून कुठं गेलेत ते बघता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा सगळ्यांवर तुमच्या या सवयीचे उपकार आहेत. त्याबद्दल आभार मानायचे आहेत, आणि तेही सगळ्यांसमोर. तुम्ही दाखवलेली पद्धत ज्याच्या दारात जुनी गाडी आहे त्या प्रत्येकाला कळली पाहिजे, म्हणून ती इथं सविस्तर लिहितो.

हेडरच्या जागी कंपनीनं दिलेला मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, जाड आणि इंजिनाच्या हेडला चिकटलेला असतो. कंपनीनं ब्रेकचे पाइप त्याचा अंदाज घेऊन बसवलेले असतात. हेडर म्हणजे पातळ भिंतीच्या लांब नळ्या. त्या बाहेर फुगतात, खाली उतरतात आणि नेमक्या चॅसीच्या कडेनं जातात, जिथं ब्रेकचा पाइप असतो. चढावर नळीचा पृष्ठभाग ५०० अंशांच्या आसपास सहज जातो. साध्या स्टीलची ८०० मिलीमीटरची नळी एवढी तापली की जवळजवळ ५ मिलीमीटर लांबते. थंड गाडीत 'बोटभर जागा आहे की' म्हणून सोडून दिलेली जागा तिथंच संपते.

त्यात ब्रेक ऑइल ओलावा ओढून घेणारं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवीन असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी शोषलेल्या ऑइलची हमी फक्त १४० अंशांची. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. आपल्याकडं खानापूर-जांबोटी पट्ट्यात चार महिने पाऊस आणि दमट हवा, त्यामुळं हिशेब कायम दुसऱ्या आकड्यावर करायचा, हे तुम्ही पहिल्यापासून सांगत आलात.

गोव्याहून दुसऱ्या गिअरमध्ये चोर्ला चढून आलेली गाडी कणकुंबीला चहाला थांबते. इंजिन बंद, पंखा बंद, वारा बंद. हेडरची सगळी उष्णता शेजारच्या पाइपात शिरते आणि तेवढ्या तुकड्यातलं ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून गाडी चालू करून निघताना पेडल थेट फळीला टेकतं. तासाभरानं पाइप थंड झाला की पेडल परत कडक! गॅरेजात गाडी पोचेपर्यंत दोष गायब, आणि मग मालक मास्टर सिलिंडरचं किट बदलतो, नंतर अख्खा सिलिंडर बदलतो, तरी दोष तिथंच. 'पेडल कधी बसतं, चालताना की थांबून निघाल्यावर?' हा तुमचा एक प्रश्न अशा कित्येकांचे पैसे वाचवतो, जीव तर वाचवतोच.

दुसरी गोष्ट, हेडर आणि पाइप यांच्यातली जागा मोजणाऱ्या तुमच्या शाडूच्या मातीची. गणपतीची ती माती तुम्ही अंगठ्याएवढ्या गोळ्यांत ब्रेकच्या पाइपावर, स्टिअरिंग बॉक्सवर आणि क्लचच्या दांड्यावर, हेडरच्या बरोबर समोर चिकटवता. इंजिन पूर्ण थंड, चाकांना ओंडके, हँडब्रेक वर, आत बसलेल्याचा पाय ब्रेकवर गच्च, गाडीसमोर कुणी नाही. मग पहिल्या गिअरात क्लच अर्धा सोडून इंजिनावर क्षणभर जोर, तसाच रिव्हर्समध्ये, आणि लगेच बंद, कारण हेडर मिनिटभरात हात लावू देत नाही. नंतर गोळा ब्लेडनं कापायचा आणि सगळ्यात पातळ जागा मोजायची. ५० मिलीमीटर उरले तर उत्तम. २५ ते ५० असतील तर मध्ये आडोशाचा पत्रा हवाच. २५ च्या खाली पाइपाची वाट बदलायची, यावर चर्चा नाही. पुढच्या चाकांच्या रबरी होजला हीच परीक्षा, चाक लटकतं ठेवून आणि दाबून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून.

इंजिन जोरात डुलतं ते फाउंडेशन रबरांवर, म्हणजे ज्या रबरी माउंटांवर ते बसवलेलं असतं त्यांच्यावर. समोरून बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या दिशेनं फिरतात, म्हणून जोर पडला की इंजिनाची डावी बाजू वर उचलते. रबर फाटलं असेल तर ही उचल किती घातक होते ते १९७१ सालीच जगाला कळलंय. त्या वर्षी शेव्हर्लेनं सुमारे ६७ लाख गाड्या इंजिन माउंटसाठी परत बोलावल्या. डावं माउंट तुटलं की इंजिन वर उठून अ‍ॅक्सिलरेटर अडकवू शकत होतं आणि पेडलला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम होज उपसू शकत होतं. त्यामुळं जुन्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) गाडीला हेडर लावण्याआधी दोन्ही फाउंडेशन रबरं नवीन, हा तुमचा हट्ट आम्हाला पूर्ण पटतो.

अँबॅसिडरवाले मात्र निर्धास्त असतात, आणि त्यांच्यासाठी हे खास लिहावंसं वाटतं. तिच्या जुन्या बी-सिरीज इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला, ड्रायव्हर उजवीकडं, मग ब्रेकला काय होणार, असा समज. पण डाव्या पुढच्या चाकाचा पाइप त्याच बाजूला उतरतो आणि डोलणारी बाजूही तीच. शिवाय या हेडवर इनटेक आणि एक्झॉस्ट शेजारी शेजारी, दोन्हींचे फ्लँज (हेडला टेकणाऱ्या सपाट कडा) एकाच जाड वॉशरखाली दाबलेले. हेडरचा फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा मिलीमीटरभर जरी पातळ असला तर वॉशर तिरका बसतो, पॅकिंग फुंकतं आणि सुटलेला गरम वायू एखाद्या बर्नरसारखा एकाच जागी पाइपावर मारत राहतो. तुम्ही व्हर्नियरनं दोन्ही फ्लँज मोजून, गरज असेल तर घासून एकसारखे करता. बाहेर बहुतेक जण इथं दुप्पट पॅकिंग घालून मोकळे होतात.

पाइपाच्या नव्या वाटेबद्दल तुमचा नियम सोपा आहे: चॅसीची पट्टी हाच सगळ्यात चांगला आडोसा, पाइप तिच्या पलीकडच्या अंगानं न्या. पाइप ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिलीमीटरचा, स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा. फ्रिजवाल्याकडचा नुसता तांब्याचा पाइप नाही, तो कंपनानं कडक होऊन चिरतो. मधे जोड द्यायला दाबरिंगचा कपलर नाही. टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे फुलवून आत दुमडलेलं तोंड, कारण एकेरी फ्लेअर चिरते. नट आधी पाइपात ओवायचा, मग फ्लेअर करायची. आणि आटे जुळवून बघायचे: अमेरिकन गाडीचा ३/८-२४ चा नट आणि मेट्रिक १० मिलीमीटरचा नट हाताला सारखेच वाटतात, एकमेकांत थोडे शिरतातही, आणि दाब आला की सुटतात. वाक बेंडरनंच, गुडघ्यावर नाही. दर ३०० मिलीमीटरला क्लिप, तिच्यात रबर. मास्टर सिलिंडरजवळ एक वेटोळं, म्हणजे कंपन जोडावर येत नाही.

आडोशाचा पत्रा १ ते १.५ मिलीमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा, १२ मिलीमीटरच्या स्पेसरवर, दोन्ही अंगांनी वारा खेळेल असा. तो बॉडीला किंवा चॅसीला पकडायचा, हेडरला नाही. हेडरला पकडलेला पत्रा आधी खडखडतो, मग तुटून पाइपावरच पडतो. हेडरला पट्टी गुंडाळण्याबद्दलही तुमचं मत इथं नोंदवतो: कोरड्या मुलखात ठीक, पण आंबोली-कणकुंबीच्या पावसात ती पट्टी पाणी धरून बसते आणि साध्या स्टीलची नळी पट्टीखाली कुजते. सिरॅमिक कोटिंग महाग पडतं, तरी आपल्या भागाला तेच योग्य.

बसवण्याचं काम त्यामानानं सरळ. बॅटरी काढायची. स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे. ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून इंजिन ४०-५० मिलीमीटर उचललं की हेडर खालून शिरतो. ते करताना ब्रेकच्या पाइपांवर फाडलेला रबरी होज चढवायचा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, शेव्हर्लेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-एट इंजिनाच्या ३/८ इंची बोल्टांना साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर. एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा कसायचे. नळीला जागेसाठी चेप द्यायचा असेल तर ती गाडीतून काढून, तापवून. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी वेल्डिंग करायचं नाही, त्यातून विषारी फॉस्जीन तयार होतो. हे तुम्ही शेडमधल्या पोरांना रोज बजावता, तेही आम्ही पाहिलंय.

शेवटी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, बंद डब्यातलं लिटरभर डॉट ४, आणि उघडलेला डबा पुढच्या गाडीसाठी ठेवायचा नाही. मिनिटभर पेडल दाबून धरायचं आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा. तापलेल्या हेडरवर ब्रेक ऑइल ठिबकलं तर पेट घेतं, म्हणून एक ओला ठिपकाही चालत नाही. मग चढावर १५-२० किलोमीटर गाडी तापवून सपाट मोकळ्या जागेत दहा मिनिटं बंद ठेवायची, तापमानाची गन पाइपावर धरायची आणि पेडल दाबायचं. पाइप १०० अंशांच्या वर दिसला तर पेडल कितीही कडक लागो, गाडी परत वर.

ही दहा मिनिटं दुसरं कुणी थांबत नाही. तुम्ही थांबता, गिऱ्हाईक कितीही घाई करो, आणि आकडा पटला नाही तर तयार झालेलं काम स्वतः उतरवून, त्याची वेगळी मजुरी न लावता परत करता. मामा, या भागातल्या आमच्या घरची माणसं या गाड्यांतून घाट उतरतात ती तुमच्या भरवशावर. मनापासून धन्यवाद. पाइपाच्या वाटांचे तुमचे पुठ्ठ्याचे साचे जपून ठेवा. अँबॅसिडरचा साचा निपाणीच्या मंडळींना हवा आहे, पुढच्या खेपेला त्याची नक्कल काढून द्यावी ही विनंती.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे जुन्या गाड्यांचे मालक