चोरावर मोर, मुक्काम ग्योंगसोंग

पुणे,
रविवार

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर मी त्या कोरियन चित्रपटाचा विषय काढला तेव्हा तू एकदम गंभीर झालास. पस्तीस वर्षे जपान्यांच्या टाचेखाली चिरडल्या गेलेल्या लोकांना त्या दिवसांवर विनोद सुचतोच कसा, असे तू विचारलेस, आणि मी काही बोलणार तोच वहिनींनी तुला जेवायला हाक मारली. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. त्यानंतर मी तो चित्रपट पुन्हा एकदा, या वेळी हाताशी वही घेऊन, पाहिला. माझे म्हणणे तुला पटेल की नाही हे तूच ठरव. ते फोनवर सांगण्याजोगे नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

चित्रपटाचे नाव 'वन्स अपॉन अ टाइम'. तो २००८ च्या जानेवारीअखेर प्रदर्शित झाला आणि चोंग योंग-गी यांनी तो दिग्दर्शित केला आहे. कोरियातही त्याचे नाव हेच, फक्त हांगुल या कोरियन लिपीत लिहिलेले. म्हणजे जपानी राज्यातल्या कोरियाची गोष्ट आणि तिचे नाव इंग्रजी, हा पहिला विनोद पाटीवरच होऊन जातो. काळ १९४० नंतरचा, स्थळ आजचे सोल, ज्याला तेव्हा कोरियन लोक ग्योंगसोंग आणि जपानी लोक केइजो म्हणत. कथा आपल्या 'चोरावर मोर' या दोन शब्दांत मावते. शिल्ला या प्राचीन कोरियन राजवटीपासून दंतकथेत वावरणारा 'पूर्वेचा प्रकाश' नावाचा हिरा जपानी लष्कराच्या हाती लागतो, तो जपानला रवाना होण्यापूर्वी थाटाची मेजवानी ठरते, आणि त्याच हिऱ्यावर एक भामटा, एक जाझ गायिका आणि एका बारमधली दोन माणसे यांचा एकाच वेळी डोळा असतो. भामटा झाला आहे पार्क योंग-वू आणि गायिका झाली आहे ली बो-योंग. गाणे हा तिचा देखावा आणि चोरी हा खरा धंदा. पुढे कोण कोणाच्या हातून काय लांबवतो ते सांगून तुझी मजा घालवत नाही.

हिरा आहे ३००० कॅरटचा. पाच कॅरटचा एक ग्रॅम या हिशेबाने त्याचे वजन ६०० ग्रॅम भरते. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हा कच्चा हिरा ३१०६ कॅरटचा होता, त्यावरून पटकथाकाराची झेप तुझ्या लक्षात येईल. एवढा ऐवज अंगावर दडवून मेजवानीतून सटकायचे म्हणजे पदराखाली नारळ लपवून देवळातून बाहेर पडण्यासारखेच आहे, आणि चित्रपटाला याची पुरती जाणीव आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मला वाटते, या चित्रपटातले हसू हिऱ्यात नाही, नावांत आहे. भामट्याचे घरचे नाव बोंग-गू, पण चारचौघांत तो कानेमुरा म्हणून मिरवतो. गायिकेची गंमत त्याहून बारीक आहे. तिचे नाव 'वसंत' आणि 'मूल' या अर्थाच्या दोन चिनी अक्षरांचे आहे. ती अक्षरे कोरियन माणसाने वाचली तर उच्चार होतो चुन्जा आणि जपानी माणसाने वाचली तर हारुको. रंगमंचावर ती हारुको आहे आणि घरी चुन्जा. कागदावरचे अक्षर तेच, वाचणारा बदलला की माणूस बदलते. कोरियन कानाला चुन्जा हे नाव अगदीच जुन्या वळणाचे, आपल्याकडच्या ठकूबाई किंवा धोंडूबाईसारखे वाटते असे म्हणतात. त्यामुळे झगझगीत पोशाखातल्या गायिकेला कोणी त्या नावाने हाक मारली की प्रेक्षक खदखदून हसणारच.

पण त्या हसण्याखाली काय आहे ते पाहा. १९४० च्या फेब्रुवारीत जपानी सरकारने कोरियन कुटुंबांना जपानी पद्धतीची आडनावे नोंदवायला लावणारा कायदा अमलात आणला आणि ऑगस्टपर्यंत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी तशी नोंद केली. नाव न बदलणाऱ्यांची मुले शाळेत आणि मोठी माणसे कचेरीत अडवली जात. त्याआधी, १९३८ मध्येच, शाळांतून कोरियन भाषा जवळजवळ हद्दपार झाली होती. म्हणजे ज्या काळात साऱ्या देशालाच खोट्या नावाने जगावे लागत होते, त्या काळात खोटे नाव घेऊन फिरणारा भामटा हा एकटाच असा माणूस होता की ज्याने ते आपखुशीने आणि फायद्यासाठी घेतले होते. मला हे सुचले आणि मी क्षणभर चित्रपट थांबवून बसलो. ज्याच्यावर सक्ती झाली तो रडेल. पण सक्तीलाच भांडवल करून सक्ती करणाऱ्याला टोपी घालणारा माणूस दिसला की त्याच रडणाऱ्याला हसू फुटते. हे हसू अपमान विसरल्याचे खचित नव्हे.

पहिल्यांदा पाहताना यातले निम्मे माझ्या हातून निसटले होते, याचे कारण सबटायटल्स. पात्रे कोरियन बोलोत की जपानी, खाली इंग्रजी एकच. दुसऱ्या वेळी मी वाक्यांच्या शेवटाकडे कान दिला: 'म्निदा' ऐकू आले की कोरियन, 'देस' किंवा 'मास' ऐकू आले की जपानी. एवढ्या ठोकताळ्यानेही चित्र पालटले. दारातून कोण आत आले यावर माणसे भाषा बदलतात, आणि भाषेबरोबर कणा किती अंशांत वाकवायचा तेही बदलतात.

तू म्हणशील की हिऱ्याची गोष्ट शेवटी बनावटच आहे. आहे खरी. पण दंतकथेतला तो हिरा ज्या मूर्तीच्या कपाळी होता असे चित्रपट मानतो, ती मूर्ती खरी आहे. ग्योंगजूजवळच्या तोहाम पर्वतावर आठव्या शतकात ग्रॅनाइटच्या शिळा रचून बांधलेल्या सोकगुराम या गुहेत सुमारे साडेतीन मीटर उंचीचा ध्यानस्थ बुद्ध बसलेला आहे. त्या बुद्धाच्या मागे संगमरवरी मनोऱ्याची एक लहानशी प्रतिकृती होती. १९०९ मध्ये जपानचे रेसिडेंट जनरल, म्हणजे कोरियातले सर्वोच्च जपानी अधिकारी, सोने आरासुके यांनी गुहेला भेट दिली आणि त्याच सुमारास ती नाहीशी झाली, असे कोरियात मानले जाते. ती आजतागायत सापडलेली नाही. पुढे १९१३ ते १९१५ या काळात जपानी अभियंत्यांनी गुहेची दुरुस्ती केली आणि तिच्याभोवती सिमेंट काँक्रीटचे कवच ओतले, त्यामुळे हजार वर्षे कोरड्या राहिलेल्या गुहेत ओल धरू लागली. जवळच्याच बुलगुक्सा मंदिरातल्या दाबोथाप मनोऱ्यावर चार दगडी सिंह होते, आता एकच उरला आहे. तुझ्या नाण्यांच्या पेटीत १० वोनचे नाणे असेल तर भिंग घेऊन पाहा. त्यावर तोच मनोरा आहे आणि तो एकटा सिंहही त्यात बसलेला दिसेल.

चित्रपटाने न वापरलेली एक घटना तर मला पटकथेपेक्षा जास्त अचाट वाटते. १९०७ मध्ये जपानच्या राजघराण्याच्या खात्याचे मंत्री तानाका मित्सुआकी कोरियन युवराजांच्या लग्नासाठी कोरियात आले आणि त्यांना ग्योंगचोन्सा या मंदिरातला १३४८ सालचा दहा मजली संगमरवरी मनोरा आवडला. आहेर देऊन परतण्याऐवजी त्यांनी शस्त्रधारी माणसे पाठवून साडेतेरा मीटर उंचीचा तो मनोरा उतरवला आणि तुकड्यातुकड्यांनी जपानला नेला! बेथेल हा इंग्रज पत्रकार आणि हल्बर्ट हा अमेरिकन शिक्षक यांनी याविरुद्ध एवढा गवगवा केला की अखेर १९१८ मध्ये तो परत आला. आज तो सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दालनात उभा आहे. भर दिवसा कोणी दहा मजली वास्तू चोरते, हे चित्रपटात दाखवले असते तर आपण 'काहीही दाखवतात' म्हणून उठून गेलो असतो. चोरच एवढा निगरगट्ट असला तर त्याच्या घरी चोरी करणाऱ्याची गोष्ट विनोदीच होणार, दुसरी कोणती होणार?

बारमधल्या दोघांविषयी लिहायचे राहिले. एक मालक, एक आचारी. प्रत्यक्षात दोघेही स्वातंत्र्यसैनिक. सोंग दोंग-इल आणि चो ही-बोंग यांनी ही जोडी फार झकास रंगवली आहे. त्यांची निष्ठा शंभर नंबरी, पण हातून एक काम धड होईल तर शपथ. तुला हेच खटकेल, हे मला ठाऊक आहे, कारण हुतात्म्यांची तसबीर भिंतीवर सरळच लागली पाहिजे असे मानणारा तू आहेस. मला मात्र हे दोघे खरे वाटले. परक्या राज्यात वर्षानुवर्षे वेषांतर करून ग्लास पुसत बसलेल्या माणसाच्या वाट्याला पराक्रमाचे क्षण किती येत असतील, आणि बाकीचा वेळ तो कसा काढत असेल, याचा विचार पोवाडे करत नाहीत.

दोषही सांगतो, नाहीतर तू म्हणशील की मी वकीलपत्र घेतले आहे. उत्तरार्धात चित्रपटाला देशभक्तीची अचानक आठवण होते आणि पात्रे बोलण्याऐवजी भाषण करू लागतात; तिथे मी दोन्ही वेळा घड्याळ पाहिले. चुन्जाला जेवढी बुद्धी दिली आहे तेवढे काम दिलेले नाही. शिवाय युद्धाच्या त्या वर्षांत कोरियन घरांतली पितळेची ताटे-वाट्या आणि चमचेसुद्धा दारूगोळ्यासाठी गोळा केले जात होते, आणि चित्रपटातले ग्योंगसोंग मात्र झुंबरांनी लखलखते आहे. २००८ मध्येच तो काळ घेऊन आणखीही काही कोरियन चित्रपट आले, एक तर रेडिओ केंद्रावरच्या गोंधळाचा होता. त्यांतही टोप्या, मोटारी आणि नाचगाणे यांचा सोस दिसतो. साठ वर्षांनी नातवंडांनी आजोबांची ट्रंक उघडली की आधी हाताला लागतो तो कोट. ट्रंकेच्या तळाची कागदपत्रे मागाहून वाचली जातात.

हिऱ्याच्या नावाविषयी माझा एक तर्क आहे, खरा असेलच असे नाही. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी 'दोंग-आ इल्बो' या कोरियन वृत्तपत्राला चार ओळी दिल्या होत्या. त्यांत कोरियाला आशियाच्या सुवर्णकाळातला दीपधारक म्हटले होते, आणि कोरियात ती कविता 'पूर्वेचा दीप' या नावाने ओळखली जाते. 'पूर्वेचा प्रकाश' ऐकताना कोरियन प्रेक्षकाला ती आठवत असावी. १९४५ च्या १५ ऑगस्टला ते स्वतंत्र झाले, आणि त्या दिवसाला ते जे नाव देतात त्याचा अर्थही 'प्रकाश परत मिळाला तो दिवस' असाच होतो.

त्या काळातल्या कोरियाचा खरा ठेवा वाचवला तो मात्र चोराने नव्हे, एका श्रीमंत संग्राहकाने, आणि तोही पैसे मोजून. चोन ह्योंग-पिल याने १९४० मध्ये, कोरियन वृत्तपत्रे बंद पाडली जात असताना, हांगुल अक्षरे कशी घडवली हे सांगणारा १४४६ सालचा ग्रंथ गुपचूप विकत घेतला. विकणाऱ्याने १,००० वोन मागितले आणि याने त्याला १०,००० दिले, असे सांगतात. स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्याने त्या ग्रंथाचा पत्ता कोणाला लागू दिला नाही. हे वाचताना मला तुमच्या नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आठवली. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या राज्य सरकारने ती लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून घेतली. आपलीच वस्तू आपणच विकत घ्यायची म्हणून तू त्या दिवशी फोनवर केवढा चिडला होतास! बोंग-गू आणि चुन्जा यांना ती कामगिरी सोपवली असती तर पैसे वाचले असते, पण तलवार लंडनहून निघून मुंबईला पोचली असती की वाटेत तिचे आणखी दोन मालक झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

दिवाळीनंतर तू वहिनींना घेऊन येणार आहेस, तेव्हा चित्रपट एकत्रच पाहू. पहिला अर्धा तास मी पडद्याच्या खालच्या भागावर पुठ्ठा लावणार आहे. कथा तुला आता ठाऊक आहेच. तू फक्त 'म्निदा' आणि 'देस' मोजायचे, आणि कोण कधी कोणती भाषा बोलतो ते वहीत टिपायचे. वही मी देईन, भिंग तू आण.

तुझाच,
भाऊ