चि. बायला, बुखारीबद्दल

देवगड,
१४ डिसेंबर

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ओरडलो आणि मध्येच ठेवून दिला. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोललेली नाही. "बुखारी रात्रभर चालू होती, झोप मस्त लागली, सकाळी डोकं जरा जड होतं," असं तू हसत सांगितलंस आणि माझ्या पोटात गोळा आला. लाकूड नाहीतर रॉकेल जाळून खोली उबवणारी ती भट्टी, आणि तीही रात्रभर! रागवायचं नव्हतं. लिहिताना तरी शांत राहीन.

लेहला जाऊन तुला चार दिवस झाले. साडेतीन हजार मीटरवर शरीराला प्राणवायू आपल्या बंदरावरच्या दोनतृतीयांशच मिळतो, त्यामुळे सुरुवातीला डोकं दुखतंच. घोळ नेमका तिथेच आहे. बुखारीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत साठला तरी असंच होतं: डोकं जड, मळमळ, पेंग. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि तिथे प्राणवायू आधीच कमी. बाहेर गेल्यावर डोकं उतरलं आणि खोलीत परतल्यावर पुन्हा चढलं, किंवा खोलीतल्या तुम्हा दोघींचं एकाच वेळी दुखायला लागलं, तर उंचीला दोष देऊ नका. दार उघडा, दोघी बाहेर पडा आणि ऑक्सिजनसाठी सरळ सोनम नोर्बू रुग्णालय गाठा.

आपल्या घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो. तिकडे खिडक्यांना प्लास्टिक ठोकून एकेक फट बुजवतात. धूर जायला एक नळी तेवढी उरते. म्हणून ती नळी रोज बघायची. सांधे घट्ट आहेत का, कोपऱ्यात काजळी धरली का, बाहेरच्या तोंडावर बर्फ साचला का. आठवड्याला एकदा झटकून घे. लाकडाच्या बुखारीत ज्वाळा गेल्या, नुसते लाल निखारे राहिले, की माणूस निर्धास्त होतो. पण हा वायू तेव्हाच जास्त निघतो, आणि नळी गार झाल्याने तिची ओढही कमी झालेली असते. रॉकेलची असेल तर निजण्याआधी तोटी बंद करून आतलं तेल पूर्ण जळू दे. विझलेल्या पण गरम बुखारीत तेल सोडून काडी लावायची नाही, भडका थेट तोंडावर येतो. आणि कोळशाची शेगडी खोलीत आणायचीच नाही. घरमालकीण प्रेमाने आणून ठेवील, तरी नाही.

बुखारी विझवून झोपायचं. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी घे, दोन रजया घे, डोक्याला लोकरी टोपी.

बाकीचं सोपं आहे. अंगालगत सुती कपडा नको; घाम धरून ठेवतो आणि थांबलीस की अंग गार पडतं. आत लोकर किंवा थर्मल, मधे जाड लोकरी, वर वारा अडवणारं. मोज्यांचे दोन जोड घातल्याने बूट आवळत असेल तर एकच घाल, रक्त खेळलं नाही तर पाय गोठतो. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नकोस, बुखारीपुढेही धरू नकोस. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच कोमट पाण्यात बुडव, ३७ ते ३९ अंश. बाळाच्या न्हाणीला कोपर घालून बघतात, तेवढंच. कोणाची हुडहुडी अचानक थांबली आणि जीभ जड झाली, तर तो सावरला असं समजू नकोस. ती वाईट खूण आहे.

बघ, परत भाषण सुरू झालं. माफ कर. जेट्टीवर लाट आली की आत्याच्या पदरात शिरणारी तू, आता हिमनदीचं पाणी मोजतेस. परवा बाजारात कोणीतरी विचारलं, पोरगी कुठे असते? मी एवढ्या मोठ्याने "लडाख" म्हणालो की मासे घेणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

पाठवलेलं खोबरेल दगड झालं म्हणून आईला हसू नकोस. इथेही पहाटे बाटली थिजली की आपण थंडी पडली म्हणतो, चोवीस-पंचवीस अंशांचीच ती गोष्ट. रात्री चेहऱ्याला लाव, ओठ फुटणार नाहीत. साध्या डिझेलमधलं मेणही तसंच थिजतं आणि फिल्टर तुंबतो. तुमच्या गाडीत हिवाळी डिझेल भरतात ना, विचार. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी काढलं ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की तोच वायू आत शिरतो. आधी ते तोंड मोकळं करा, अधूनमधून थोडा वेळच इंजिन चालवा, आणि काच बोटभर उघडी ठेवा.

परत तिथेच आलो.

कालच्या पार्सलमध्ये सोलं, कुळथाचं पीठ आणि कार्बन मोनॉक्साइड साठला की वाजणारं यंत्र आहे. सेल वेगळे ठेवलेत, ते घालून बटण दाबून आवाज ऐक. बिछान्याजवळ, उशीच्या उंचीला ठेव, बुखारीच्या अगदी लगत नको. ते वाजलं तर आधी बाहेर, बुखारीचं नंतर.

आंब्याला यंदा मोहोर बरा आहे. आई म्हणते, मी रागावलो नव्हतो असं लिही. रागावलो होतो गो, घाबरल्यामुळे.

नळी भिंतीतून बाहेर निघते तिथला फोटो पाठव. आतला एक, बाहेरचा एक.

तुझे,
बाबा