एलएलडीपी सरसकट बंद करू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेटवर्कच्या सुरक्षेवरील आपल्या लेखात 'स्विचवरील एलएलडीपी सरसकट बंद ठेवावे' असा सल्ला दिला आहे. एलएलडीपी (लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल) म्हणजे केबलने थेट जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आपली ओळख कळवण्याची पद्धत, आणि स्विच म्हणजे कार्यालयातील संगणक, फोन वगैरे केबलने एकमेकांना जोडणारे उपकरण. ही माहिती नको त्याच्या हाती पडेल, ही सल्ल्यामागची भीती रास्त आहे. सल्ला मात्र अर्धवट आहे.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००५ मध्ये ८०२.१एबी या क्रमांकाने प्रमाणित केलेल्या या प्रोटोकॉलनुसार स्विच सहसा दर ३० सेकंदांनी आपली ओळख, पोर्टचे नाव आणि बहुधा व्यवस्थापनाचा आयपी पत्ता केबलच्या दुसऱ्या टोकाला कळवतो. पाठवणारा खरा की तोतया, हे तपासण्याची सोय त्यात नाही आणि मजकूरही उघडा असतो. त्यामुळे बैठकीच्या खोलीतील सॉकेटला लॅपटॉप जोडणाऱ्या कोणालाही स्विचचे मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती आयतीच वाचता येते.

परंतु हा निर्णय पोर्टनिहाय घ्यायचा असतो. पाठवणे आणि स्वीकारणे बहुतेक व्यवस्थापनक्षम स्विचवर वेगवेगळे बंद करता येते, म्हणून सेवा पुरवठादाराच्या पोर्टवर दोन्ही बंद, अभ्यागतांच्या पोर्टवर फक्त स्वीकारणे चालू आणि स्विच-स्विचमधील जोडणीवर दोन्ही चालू, अशी रचना मला योग्य वाटते. आयपी फोनच्या पोर्टवर पाठवणे बंद केले, तर एलएलडीपीवरूनच व्हॉइस व्हीएलॅन (फोनसाठी त्याच स्विचवर वेगळे ठेवलेले आभासी नेटवर्क) शिकणारा फोन संगणकांच्या व्हीएलॅनमध्ये जाऊन पडतो. काही वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटही नेटवर्क केबलमधून मिळणारी जास्तीची वीज याच मार्गाने मागतात आणि ती न मिळाल्यास कमी क्षमतेने चालतात. अशा तक्रारीत दोष वायफायच्या माथी मारला जातो, ही गोष्ट वेगळी.

लेखात सीडीपीचा (सिस्को डिस्कव्हरी प्रोटोकॉल, म्हणजे सिस्को कंपनीची अशीच पद्धत) उल्लेखही नाही. सिस्कोच्या अनेक स्विचवर एलएलडीपी मुळात बंदच असते, तर कंपनीचे स्वतःचे सीडीपी चालू असते आणि जवळपास तीच माहिती बाहेर देत राहते. अशा ठिकाणी लेखातील सल्ला तंतोतंत पाळूनही काहीच झाकले जात नाही.

उलट 'शो एलएलडीपी नेबर्स' ही कमांड दिली, की कोणत्या पोर्टची केबल पलीकडे कुठल्या पोर्टात गेली आहे, हे रॅकमागे न शिरता कळते. काही उपकरणे पोर्टच्या नावाऐवजी नुसता मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळख क्रमांक) पाठवतात, त्यामुळे पोर्टचे वर्णन आधीच भरून ठेवावे लागते. लेखाच्या पुढील भागात सीडीपी आणि फोनच्या पोर्टचा हा अपवाद यांचा समावेश व्हावा, ही विनंती.

आपला,
एक नेटवर्क व्यवस्थापक