विल्हेवाट न लावताच दिला विल्हेवाटीचा दाखला

प्रति,
व्यवस्थापक, जहाज कचरा संकलन विभाग,
वास्को, गोवा

विषय: परदेशी जहाजावरच्या अन्नकचऱ्याबाबत गंभीर तक्रार

मा. महोदय,
स. न. वि. वि.

मुरगाव बंदरात येणाऱ्या परदेशी मालवाहू जहाजांचे काम आमची एजन्सी पाहते आणि जहाजांवरचा कचरा उचलण्याचे कंत्राट आपल्याकडे आहे. गेल्या आठवड्यात आपल्या माणसांनी एका जहाजाचा कचरा उतरवून घेतला. त्याच संध्याकाळी ‘अन्नकचरा भट्टीत जाळून नष्ट केला’ असा सही-शिक्क्याचा दाखला आम्हाला ईमेलने आला आणि आम्ही तो कॅप्टनकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी बिलाच्या कामासाठी मी आपल्या शेडवर आलो, तर त्याच जहाजाच्या पिशव्या पत्र्याखाली फाडलेल्या अवस्थेत पडल्या होत्या. चीफ कुकने लावलेली लाल टेप तशीच होती. भात, कोंबडीची हाडे, कापलेल्या हॅमच्या कडा, परदेशी लिपीतली सॉसेजची पाकिटे असा सगळा लगदा झाला होता. एक मुलगा हातमोज्यांशिवाय त्यातून डबे आणि पुठ्ठे वेगळे करत होता. बाजूला टेंपोत दोन निळी पिंपे काठोकाठ भरलेली होती. कुठे चालली, असे विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “डुकरांना. नेहमीचंच आहे.”

त्या ड्रायव्हरचा मला राग नाही. हॉटेलातले खरकटे डुकरांना घालणे ही गोव्यातली जुनी रीत आहे आणि त्याला हेही तसेच वाटले. हे खरकटे वेगळे आहे हे सांगायची जबाबदारी आपली होती, आणि त्याचेच पैसे आपण आमच्याकडून घेता. बिलात ‘बंद गाडीतून वाहतूक’ आणि ‘भट्टीत जाळणे’ असे दोन आकार स्वतंत्र लावलेले आहेत.

हे वेगळे का, ते लिहितो, कारण आपल्या सुपरवायझरने मला “अन्नच तर आहे” असे उत्तर दिले. जहाजावरचे मांस कुठल्या बंदरात घेतले, त्या देशात जनावरांचा कोणता रोग चालू होता, हे इथे कुणालाच ठाऊक नसते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाचा विषाणू खारवलेल्या मांसात कित्येक महिने टिकतो आणि गोठवलेल्या मांसात त्याहूनही जास्त. माणसाला त्याचा त्रास नाही, पण कळपात शिरला की जवळजवळ सगळी डुकरे मरू शकतात. १९५७ मध्ये लिस्बन विमानतळाजवळ विमानांतले उरलेले अन्न डुकरांना घातले गेले आणि हा रोग आफ्रिकेतून युरोपात पोचला. २००७ मध्ये तो जॉर्जियात ‘पोती’ नावाच्या बंदराच्या परिसरात आला, तोही जहाजांच्या कचऱ्यातून, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तिथून रशिया, पूर्व युरोप, २०१८ मध्ये चीन. २०२० मध्ये आपल्याकडे आसाम आणि अरुणाचलात डुकरे मेली. म्हणूनच ब्रिटनमध्ये असा कचरा सर्वांत धोकादायक श्रेणीत धरून जाळतात किंवा परवानाधारक जागी खोल पुरतात. अमेरिकेत त्याची राख करतात, नाहीतर १०० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे शिजवून तो निर्जंतुक करतात.

इथल्या गावांत कितीतरी बायका परसात चार-दोन डुकरे पाळतात. फेस्ताला, लग्नाला, मुलांच्या फीला त्यांचा तोच आधार असतो. आपल्या पिंपांमुळे तो गेला तर त्यांना भरपाई कोण देणार?

दुसरी बाब कॅप्टनची. बंदरात आणि किनाऱ्याजवळ उभ्या जहाजाला अन्नकचरा समुद्रात टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने मनाई आहे, म्हणून नांगरावर वाट पाहत उभ्या राहिलेल्या या जहाजाने तो साठवून आपल्या स्वाधीन केला. गार्बेज रेकॉर्ड बुकात, म्हणजे जहाजाच्या कचऱ्याच्या नोंदवहीत, त्याची नोंद झाली, खाली कॅप्टनची सही आहे आणि आपली पावती जोडलेली आहे. त्याने नियम पाळला. कागद खोटा निघाला तो आपला.

तेव्हा सर्वांत आधी ती पिंपे कुणाकडे गेली त्यांची नावे पशुसंवर्धन खात्याला आजच कळवा, म्हणजे त्यांचे डॉक्टर जाऊन डुकरे पाहतील. माझ्याकडचे फोटो मी खात्याला आणि बंदर प्रशासनाला दिले आहेत. दिलेला दाखला लेखी रद्द करा. या वर्षी आमच्या ज्या ज्या जहाजांचा अन्नकचरा आपण ‘जाळला’ म्हणून लिहून दिले, त्या प्रत्येकाची भट्टीवरची वजनाची नोंद आठ दिवसांत पाठवा. नोंद नसेल, तर त्या कामाचे पैसे परत करा. हे बिल तोवर थांबवले आहे.

पुढच्या जहाजासाठी आम्ही दुसरी व्यवस्था केली आहे. झाकणाची, न गळणारी पिंपे, सीलबंद गाडी आणि भट्टीवर आमचा माणूस हजर असेल, एवढे आपण लेखी मान्य केलेत, तरच पुन्हा आपल्याशी बोलणे होईल.

आपला,
भागीदार, शिपिंग एजन्सी, मुरगाव

सोबत: दाखल्याची प्रत, बिलाची प्रत, शेडवरचे फोटो