टॉर्क कन्व्हर्टर बसवताना माप घ्यायलाच हवे

मा. संपादक,

महोदय,

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी उतरवून पुन्हा चढवताना एक चूक वारंवार होते आणि तिची किंमत गाडीच्या मालकाला मोजावी लागते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, पुरता आत बसलेला नसतानाच गिअरबॉक्स इंजिनाला जोडला जातो. मग नव्याने दुरुस्त केलेला गिअरबॉक्स गाडी सुरू होताच निकामी होतो आणि दोष सुट्या भागांच्या किंवा तेलाच्या माथी मारला जातो. वाहनदुरुस्ती शिकणाऱ्यांनी आणि गाडीमालकांनीही हा विषय नीट समजून घ्यावा, यासाठी हे पत्र.

कन्व्हर्टर एका दमात जागेवर जात नाही. बहुतेक रचनांत त्याला तीन ठिकाणी जुळावे लागते: टर्बाइनच्या (कन्व्हर्टरमधल्या, तेलाने फिरणाऱ्या पंख्याच्या) स्प्लाइन, म्हणजे उभे दाते, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर; स्टेटरच्या (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या मधल्या पंख्याच्या) स्प्लाइन त्याला आधार देणाऱ्या स्थिर नळीवर; आणि सर्वांत शेवटी हबच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागच्या नळकांड्याच्या, खाचा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाच्या आतल्या गिअरमध्ये. कन्व्हर्टर सरळ धरून, हलका दाब देत फिरवत राहिले की तो टप्प्याटप्प्याने आत सरकतो आणि प्रत्येक टप्पा हाताला जाणवतो. फसगत होते ती शेवटच्या टप्प्यावर, कारण दोन ठिकाणी जुळलेला कन्व्हर्टरही वरवर पाहता नीट बसल्यासारखाच दिसतो, सहज फिरतो, आणि घाईत असलेला माणूस तेवढ्यावर समाधान मानतो.

अशा स्थितीत बेल हाउसिंग (कन्व्हर्टरभोवतीचे, इंजिनाला जोडले जाणारे गिअरबॉक्सचे कवच) आणि इंजिन यांच्यात फट राहते. ती फट बोल्ट आवळून मिटवणे ही या कामातली सर्वांत घातक सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोल्टांच्या जोराने हब पंपाच्या गिअरवर दाबला जातो आणि गिअर तरी तडकतो किंवा पंपाचे कवच तरी फुटते. पंपच गेला की तेलाचा दाब तयार होत नाही, आणि दाबाविना गिअरबॉक्समधला एकही क्लच पकड घेत नाही. डॉवेल पिनांवर (दोन भाग अचूक जुळवणाऱ्या खुंट्यांवर) नीट बसलेले हाउसिंग हाताच्या जोरानेच इंजिनाला टेकले पाहिजे. ते टेकत नसेल, तर गिअरबॉक्स मागे घेऊन कारण शोधावे.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवावी, तिथपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट बसण्याच्या जागेपर्यंतची खोली मोजावी आणि त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावी. हाउसिंग जोडल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि तो फ्लेक्सप्लेटकडे (इंजिनाच्या शाफ्टवरच्या, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात त्या चकतीकडे) थोडा पुढे ओढून घ्यावा लागला पाहिजे. अनेक गाड्यांत हे अंतर साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते, मात्र अखेरचा शब्द पुस्तिकेचाच. गिअरबॉक्स उचलताना तो पुढे झुकला, तर नीट बसलेला कन्व्हर्टरही बाहेर सरकतो. म्हणून कन्व्हर्टर पट्ट्याने बांधून ठेवणे आणि जोडण्याच्या क्षणी पुन्हा एकदा तपासणे गरजेचे आहे.

हबवर ऑइल सीलच्या जागी चर पडलेला नाही ना, हे आधी पाहावे आणि सीलच्या ओठाला तेल लावावे. कन्व्हर्टरमध्ये पुस्तिकेत सांगितलेले तेल आधीच थोडे भरल्यास पंप पहिल्या क्षणी कोरडा फिरत नाही. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट मूळ लांबीचेच हवेत, कारण लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतल्या बाजूला फुगवटा आणतो आणि लॉक-अप क्लचची (कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जखडणाऱ्या क्लचची) घासण्याची बाजू खराब करतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये क्लच जळाले असतील किंवा धातूचा चुरा निघाला असेल, तर तोच कन्व्हर्टर धुऊन पुन्हा वापरणे मला पटत नाही. तो वेल्डिंगने बंद केलेला असतो, त्यामुळे आतला सगळा चुरा निघाल्याची खात्री करता येत नाही. तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्याही त्याच वेळी साफ व्हायला हव्यात.

मापाला वेळ लागतो, अशी सबब नेहमी ऐकू येते. पट्टी ठेवून खोली मोजायला काही मिनिटे लागतात. फुटलेल्या पंपासाठी मात्र संपूर्ण गिअरबॉक्स पुन्हा उतरवून उघडावा लागतो. म्हणून प्रशिक्षण संस्थांनी प्रात्यक्षिक परीक्षेत ही मोजणी स्वतंत्रपणे तपासावी आणि गॅरेजांनी मोजलेली खोली व पुस्तिकेतला आकडा, दोन्ही कामाच्या नोंदपत्रावर शेजारी शेजारी लिहावेत. गाडी ताब्यात घेताना मालकाने ती नोंद मागावी. तो त्याचा हक्क आहे.

आपला विश्वासू,
वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक