पुरवणीतला तो वजनाचा तक्ता बदला

संपादकसाहेब, नमस्कार.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांवर तुमच्या रविवारच्या पुरवणीत पानभर लेख आला होता तो वाचला. लेख चांगला होता, 2025 च्या मार्चमध्ये आपल्याकडे मौंजारो आलं, मग जूनमध्ये वेगोव्ही, कोणी घ्यायचं, मळमळ-उलट्या कितपत होतात, सगळं नीट दिलंय. माझी तक्रार खाली चौकटीत छापलेल्या वजन-उंचीच्या तक्त्याबद्दल आहे. त्यात बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 25 पर्यंत 'नॉर्मल' आणि 30 च्या पुढे 'लठ्ठ' असं दिलंय. अहो, हा तक्ता आपला नाहीच. भारतीय माणसाला 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरायचा हे आपल्याकडच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून 2009 सालीच ठरवलंय. पण छापून आलं की लोक खरं मानतात, लगेच ओपीडीत मोबाईलवर त्याचा फोटो घेऊन पेशंट हजर, डॉक्टर बघा मी 24 म्हणजे नॉर्मलमध्ये आहे, आणि त्याच माणसाची उपाशीपोटीची शुगर 180.

याचं कारण शोधायला लांब जायला नको, पुण्यातच ते सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. स्कॅन केल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! काट्यावर दोघंही सडपातळच. आणि हे जन्मापासूनच असतं बरं का, पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची, आपल्या बाळांचे स्नायू बारीक पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस प्रत्येकाच्या घरात एकतरी असतोच, आणि त्याला कोणी जाड म्हणत नाही, उलट अजून थोडं वाढ म्हणून पोळीवर तूप ओततात.

म्हणून मी पेशंटला वजन नंतर विचारतो, आधी पोटाचा घेर मोजतो. पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80, याच्या आत पाहिजे. इंचात साडेपस्तीस आणि साडेएकतीस. यावर पुरुषांचं ठरलेलं उत्तर असतं, डॉक्टर माझी पॅन्ट कॉलेजपासून 34 चीच आहे. असणारच हो, ती पॅन्ट ढेरीच्या खाली बांधलीय ना! टेप लावायची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, आणि श्वास सोडून. टेप दिसली की सगळे पोट आत ओढून उभे राहतात पोलीस भरतीला आल्यासारखे, मग शेजारी बसलेली बायको म्हणते अहो सोडा तो श्वास, आणि खरा आकडा समोर येतो.

हे पोट नुसतं दिसायला वाईट म्हणून मी बोलत नाहीये. मांडीवरची चरबी एक वेळ गप्प बसून राहते, आतड्यांभोवतीची नाही. ती सारखी विरघळून सरळ लिव्हरमध्ये जात राहते, तिथून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, इन्सुलिन असून नीट चालत नाही, बीपी चढतं. सोनोग्राफी मुतखड्यासाठी केलेली असते आणि रिपोर्टमध्ये खाली 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठायला लागलीय असं लिहिलेलं असतं, ती ओळ कोणी वाचतच नाही, काय सगळ्यांनाच असतं म्हणतात. 52 देशांतल्या हार्ट अटॅकच्या पेशंटचा मोठा अभ्यास झाला त्यातही वजनापेक्षा पोटाचा घेर धोका जास्त बरोबर सांगतो असंच दिसलं, आणि आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे बाकी जगाच्या पाच-सहा वर्षं आधी. त्या वयात घराचं कर्ज फिटलेलं नसतं, मुलांची शिक्षणं चालू असतात.

मग करायचं काय, तर मी डाएट प्लॅनचा कागद देत नाही, तो पाकिटात राहतो. मी विचारतो घरात माणसं किती आणि तेलाचा डबा किती दिवस जातो. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे, म्हणजे चार माणसांत पंधरा किलोचा डबा आठ महिने जायला पाहिजे. उत्तर येतं तीन महिने, दिवाळी असेल तर दोन. (बाहेरची मिसळ, वडापाव यात धरलेलाच नाही.) साखरेचं, मिठाचं तेच, वाण्याच्या यादीत सगळं दिसतं. आणि चालणं म्हणजे भाजी आणायला जाणं नव्हे, धाप लागेल असं आठवड्याला दीडशे मिनिटं, शिवाय दोन दिवस उठाबशा, जोर, काहीतरी जड उचलणं, कारण आपल्याकडे मुळात स्नायूच कमी. इंजेक्शनवाल्यांना तर हे जास्तच सांगायला हवं, त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, काटा खाली आला म्हणून पेढे वाटतात पण नेमकं काय गेलं ते काटा सांगत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना ही औषधं जरूर द्यावीत, मी स्वतः देतो, पण लग्नात बारीक दिसायला म्हणून मागायला येतात त्यांना मी परत पाठवतो.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी सुधारलेला तक्ता छापा, 23 आणि 25 वाला, आणि त्याच्या वर पोटाच्या घेराचे दोन आकडे ठळक टाका.

आणि हो, हे वाचून उद्यापासून टेकडीवर पळायला निघणार असाल तर जिना चढताना छातीत दाटतं का, जबडा किंवा डावा हात भरून येतो का ते आधी आठवा, येत असेल तर पहिला ईसीजी. आणि असं बसल्या जागी झालं, घाम फुटला, तर गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नका आणि स्वतः बाईक मारत दवाखान्यातही येऊ नका, 108 ला फोन करा.

आपला,
एक फिजिशियन, सातारा